चोवीस इंची फोटो प्रिंटर स्टुडिओत आणण्याआधी

संध्याकाळी पुण्याच्या लॅबला फाइल पाठवायची. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला पुठ्ठ्याची नळी आणून देतो आणि उघडून पाहावं तर पैठणीचा जांभळा निळ्याकडे झुकलेला. पुन्हा फाइल, पुन्हा तीन दिवस, आणि तोवर नवरीचे वडील दोनदा येऊन गेलेले. सांगलीतल्या माझ्या स्टुडिओत हे बरेचदा झालं, तेव्हा मोठे प्रिंट आपणच काढायचे असं ठरवलं.

पहिला प्रिंटर मी उलट्या क्रमाने निवडला. आधी मशीन पाहिलं, मग किंमत, आणि आपल्याकडे एवढं काम आहे का हा प्रश्न सगळ्यात शेवटी. तो क्रम महागात पडला. दुसऱ्या वेळी शांतपणे, एकेक गोष्ट तपासत निवड केली. तोच क्रम इथे मांडतो. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात पोर्ट्रेट, लग्न आणि फ्रेमिंगचं काम करणारा स्टुडिओ डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहिलं आहे.

१. आधी बिलबुक उघडा

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि १२×१८ इंचांपासून वरचा प्रत्येक प्रिंट कागदावर उतरवा. नगांची बेरीज करू नका, चौरस फुटांची करा, कारण शाई आणि कागद क्षेत्रफळावर खर्च होतात. १२×१८ म्हणजे दीड चौरस फूट, १६×२० म्हणजे सुमारे २.२, २०×३० म्हणजे सुमारे ४.२ आणि २४×३६ म्हणजे बरोबर ६.

समजा वर्षात १२×१८ चे १२०, १६×२० चे ६०, २०×३० चे ४० आणि २४×३६ चे २० प्रिंट झाले. बेरीज साधारण ६०० चौरस फूट, महिन्याला ५०. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर करतो, तुम्ही तुमचा घाला.

अल्बमची पानं यात धरू नका. १२×३६ च्या करिझ्मा अल्बमचं काम मोठ्या लॅबकडे किंवा डिजिटल प्रेसवरच परवडतं. त्यात बाइंडिंग, लॅमिनेशन, क्रीजिंग अशी साखळी असते आणि त्यातली एकच कडी घरी आणून काही हाती लागत नाही. मोठा प्रिंटर घ्यायचा तो भिंतीवर लागणाऱ्या फोटोसाठी, कॅनव्हाससाठी, जुन्या फोटोंच्या नव्या प्रतींसाठी.

बेरजेइतकंच महत्त्वाचं आहे ते काम वर्षभर कसं पसरलंय हे. सगळं काम नोव्हेंबर ते मे यात असेल आणि पावसाळ्यात दोन-दोन आठवडे एकही मोठा प्रिंट निघत नसेल, तर वहीच्या समासात मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवा. पुढे हेडबद्दल, म्हणजे कागदावर शाईचे थेंब टाकणाऱ्या भागाबद्दल, बोलताना याची गरज लागेल.

२. एका चौरस फुटाचा खर्च काढा

खर्चाचे दोन भाग पाडा. पहिला भाग प्रिंट काढला तरच होणारा: शाई आणि कागद. दुसरा, मशीन नुसतं उभं असलं तरी होणारा: किमतीचा वार्षिक वाटा, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), मेंटेनन्स टँक (वाया जाणारी शाई साठवणारी टाकी).

खालचे रुपयांचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या डीलरचे भाव त्या जागी टाका. हेड क्लिनिंगला जाणारी शाई धरून चौरस फुटाला दीड मिली शाई आणि ५० रुपये मिली हा भाव धरला, तर शाई ७५ रुपये. २४ इंच रुंद, ३० मीटर लांब रोलमध्ये सुमारे १९७ चौरस फूट कागद असतो. कापण्यात, चाचण्यांत आणि चुकांत १५ टक्के गेला तर वापरता येतो १६७. रोल ९,००० चा असेल तर चौरस फुटाला ५४ रुपये. म्हणजे शाई आणि कागद मिळून १२९.

आता उभा खर्च. तीन लाखांचं मशीन पाच वर्षांत वसूल करायचं तर वर्षाला ६०,००० आणि देखभालीचे २४,००० धरून ८४,०००. वर्षाला ६०० चौरस फुटांवर तो १४० रुपयांनी पडतो, एकूण २६९. काम दुप्पट, म्हणजे १,२०० चौरस फूट असेल तर १९९. आणि काम वर्षाला २०० चौरस फूटच असेल तर एकूण जातं ५४९ वर. मशीन तेच, कागद तोच, फरक फक्त कामाचा.

बाहेरची लॅब कुरिअर धरून चौरस फुटाला २५० रुपये घेत असेल, तर २५० मधून १२९ वजा करा, उरले १२१. ८४,००० ला १२१ ने भागलं की ६९४ येतात. वर्षाला साधारण ७०० चौरस फुटांच्या खाली पैशांच्या हिशेबाने घरचा प्रिंटर परवडत नाही. तरीही घेण्याला कारण असू शकतं. रंगावर ताबा मिळतो, गिऱ्हाइकाला त्याच दिवशी प्रिंट देता येतो, कॅनव्हाससारखं नवं काम सुरू होतं. पण ते कारण आपल्याला ठाऊक असलं पाहिजे आणि त्याची किंमतही.

३. रुंदी ठरवा

फोटो प्रिंटरच्या प्रचलित रुंदी १३, १७, २४, ४४ आणि ६० इंच किंवा त्याहून मोठ्या. पासपोर्ट आणि छोट्या फोटोंसाठी अनेक स्टुडिओंत एप्सनचा एल१८०० आहे, तो १३ इंची, म्हणजे ए३ प्लसपर्यंतचा. त्याच्यापुढची पायरी १७ इंच.

एप्सनचा एससी-पी९०० आणि कॅननचा प्रो-१००० ही १७ इंचीतली नावं तुमच्या कानावर येतील. दोन्ही टेबलावर मावतात, दोन्हींचा प्रिंट उत्तम. पण प्रो-१००० फक्त सुटे कागद घेतो, रोल नाही. पी९०० ला रोलचा जोड वेगळा विकत मिळतो. २०×३० काढायची तुमची मागणी असेल तर १७ इंचीचा विचार इथेच थांबवा.

माझ्या मते गावाकडच्या स्टुडिओला बहुतेक वेळा २४ इंचच बरोबर बसतो. २०×३० आणि (कडेचा बारीक समास धरून) २४×३६ हे आपल्याकडे सर्वांत जास्त मागितले जाणारे मोठे आकार त्यात निघतात. ४४ इंचीचा मोह होतो, कारण किमतीतला फरक मानाने कमी वाटतो. पण ते मशीन दीड मीटरहून रुंद असतं, वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं, आणि त्याचे रोल एकट्या माणसाला चढवताना पाठ आठवते. एखादा आर्किटेक्ट, हॉटेल किंवा चित्रकारांचं नियमित काम हातात असेल तरच ४४ कडे जा.

एक बारकावा इथेच सांगतो. २४ इंची रोलवर १२×१८ चे दोन प्रिंट शेजारी-शेजारी बसतील असं गणित डोक्यात येतं. कडेला काही मिलीमीटर समास सुटतो, त्यामुळे ते बसत नाहीत. १८ इंच आडवे टाकले तर बाजूला पाच-साडेपाच इंचांची पट्टी उरते. त्यात ४×६ चे फोटो भरायची सवय लावली तर रोल बराच पुरतो.

फाइलची काळजी थोडी कमी करा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. ती २४×३६ वर ताणली की इंचाला सुमारे १६७ पिक्सेल पडतात. चार-पाच फुटांवरून पाहायच्या फोटोला तेवढे पुरतात, फोकस मात्र नेमका हवा. मोबाइलवरून आलेली, व्हॉट्सअ‍ॅपने दाबून बारीक केलेली फाइल असेल तर कुठलाच प्रिंटर मदतीला येत नाही.

४. फोटोचंच मशीन आहे ना, हे पाहा

बाजारात २४ इंची मशीन फोटो प्रिंटरच्या निम्म्याहून कमी किमतीतही दिसेल. ते बहुतेक वेळा बांधकामाच्या नकाशांसाठी बनवलेला चार किंवा पाच रंगांचा प्लॉटर असतो. त्याच्यावर फोटो निघतो, पण गालावरची सावली पायऱ्या पाडत उतरते आणि कृष्णधवल फोटोला हिरवट किंवा गुलाबी झाक येते. कारण त्यात फिकट शाया नसतात. फोटोच्या बहुतेक मशीनमध्ये फिकट निळसर, फिकट किरमिजी, करडा आणि फिकट करडा असे रंग वेगळे भरलेले असतात. उजळ त्वचेवर ठिपके दिसू नयेत आणि राखाडी राखाडीच राहावा हे काम त्यांचं.

फ्लेक्सवाल्यांकडचं सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट मशीन वेगळ्या कामाचं. व्हिनाइल, बॅनर, बाहेरचे बोर्ड तिथे उत्तम निघतात. घराच्या दिवाणखान्यात हातभरावरून पाहायच्या पोर्ट्रेटसाठी ते घेऊ नका.

शाईचे दोन प्रकार: डाय आणि पिगमेंट. डाय पाण्यात विरघळलेली असते, चमकदार दिसते, स्वस्त पडते, पण उजेडात आणि ओलाव्यात लवकर उतरते. पिगमेंटमध्ये रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि चांगल्या कागदावर, काचेआड ते अनेक दशकं टिकतात. आजोबांचा जुना फोटो नव्याने करून देताना मी डायवर काढलेला प्रिंट देत नाही. तो फोटो पुढची पिढीही त्याच भिंतीवर लावणार असते.

५. हेड समजून घ्या

या एका भागावर पूर्ण दिवस घालवा. ब्रँडची चर्चा करताना लोक रंगांवर भांडतात, पण आजच्या चांगल्या मशीनमधला रंगांचा फरक काचेमागे गेल्यावर फार थोड्यांना कळतो. हेडमधला फरक मात्र खिशाला कळतो.

एप्सनचं हेड पिएझो पद्धतीचं. विजेचा दाब मिळाला की स्फटिक वाकतो आणि शाईचा थेंब ढकलला जातो. शाई तापत नाही, त्यामुळे हेड दीर्घकाळ टिकावं अशीच त्याची रचना असते. पण ते गेलं तर इंजिनिअर बोलवावा लागतो आणि खर्च मोठा येतो. कॅनन आणि एचपी यांच्याकडे थर्मल पद्धत: नोझलमध्ये, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रात, शाई क्षणभर तापते, बुडबुडा होतो आणि थेंब उडतो. ही हेडं झिजतात हे गृहीतच धरलेलं असतं, आणि ती वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतात. कॅननच्या प्रो-२१०० सारख्या मशीनमध्ये एखादं नोझल बंद पडलं की दुसरं त्याचं काम उचलतं, त्यामुळे क्लिनिंगच्या फेऱ्या कमी होतात.

मार्च २०२० मध्ये स्टुडिओला कुलूप लागलं ते दोन महिन्यांनी उघडलं. माझं त्या वेळचं मशीन बंद, एसी बंद, बाहेर सांगलीचा उन्हाळा. उघडल्यावर नोझल चेक (सगळी नोझलं चालतात का हे दाखवणारा चाचणी प्रिंट) काढला तर दोन रंग जवळजवळ गायब. आठ-नऊ वेळा क्लिनिंग केलं, प्रत्येक वेळी शाई वाहून गेली, आणि शेवटी हेड बदलावं लागलं. खर्चाचा आकडा ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणून पहिल्या पायरीत समासात लिहायला सांगितलं होतं. ज्याचं काम तुटक आहे, मधे मोठे खंड पडतात, त्याने स्वतः बदलता येणाऱ्या हेडच्या मशीनला झुकतं माप द्यावं. ज्याचं मशीन रोज चालतं त्याला दोन्ही सारखेच.

आणखी एक प्रश्न डीलरला विचारा: ग्लॉसीचा काळा आणि मॅटचा काळा यांना वेगळी नोझल आहेत का? एप्सनच्या पी७००० सारख्या जुन्या मशीनमध्ये दोन्ही काळ्या शाया एकच वाट वापरतात. कागद बदलला की शाई बदलावी लागते आणि दर वेळी काही मिली फुकट जाते. पी९०० आणि नंतरच्या मोठ्या मशीनमध्ये ही अडचण नाही. आज ग्लॉसी, उद्या कॅनव्हास असं काम असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो.

कार्ट्रिजचा आकारही इथेच ठरवा. ६०० चौरस फुटांना दीड मिलीने वर्षाची शाई होते ९०० मिली. बारा रंगांत वाटली तर रंगाला सरासरी ७५ मिली. फिकट रंग लवकर संपतात, पण अंदाजाला हा आकडा पुरतो. कॅननच्या २४ इंची मशीनला १६०, ३३० आणि ७०० मिलीच्या टाक्या मिळतात. ७०० ची टाकी मिलीमागे स्वस्त पडते म्हणून घेतली तर ती वर्षानुवर्षं मशीनमध्ये बसून राहील, आणि पिगमेंट शाई उघडल्यावर साधारण सहा महिन्यांत वापरावी असाच सल्ला असतो. १६० ची सुद्धा तुम्हाला मोठीच पडते. ५० रुपये मिलीने १६० च्या बारा टाक्यांचा संच ९६,००० रुपयांचा. पहिली भरणी संपत येईल तेव्हा हे पैसे बाजूला असायला हवेत. मशीनबरोबर आलेल्या शाईतली बरीचशी नळ्या आणि हेड भरण्यातच जाते, त्यामुळे ती वेळ वाटते त्यापेक्षा लवकर येते.

६. जागा, हवा, वीज

२४ इंची मशीन स्टँडसह सुमारे सव्वा मीटर जागा घेतं आणि शंभर किलोच्या पुढे जातं. मागे आणि पुढे माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण टेपने मोजा, नजरेने नको.

तळमजला सोयीचा असतो. पण ऑगस्ट २०१९ चा महापूर आणि जुलै २०२१ चं पाणी आम्ही सांगलीकरांनी पाहिलं आहे. चिपळूणकरांनीही. पूररेषेच्या आसपास दुकान असेल तर चार माणसांची हमाली देऊन मशीन वरच्या मजल्यावर नेलेलं बरं. शंभर किलोचं मशीन पाणी चढू लागल्यावर उचलता येत नाही. विमा उतरवताना पुराचा उल्लेख पॉलिसीत आहे ना, हे वाचून घ्या.

कागदाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. कोकणात जुलैत ती ८०-९० च्या घरात असते आणि कागद लाटांसारखा वर-खाली होतो. उंचावलेली कड हेडला घासली की प्रिंट तर जातोच, हेडलाही धक्का बसतो. याउलट विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी की नोझलवर शाई सुकते. साधा हायग्रोमीटर भिंतीला लावा. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर किंवा एसी, कोरड्या उन्हाळ्यात खोलीत थोडा ओलावा. कूलरचा किंवा एसीचा झोत थेट मशीनवर नको. काम झालं की रोल मशीनमध्ये लटकत ठेवू नका, त्याच्याच प्लास्टिकच्या पिशवीत परत घाला.

वीज फार लागत नाही, पण ती मध्येच गेली तर हेड टोपीबाहेर उघडं राहतं. म्हणून यूपीएस हवाच. बंद करताना भिंतीवरचं बटण दाबायचं नाही, मशीनचंच बटण दाबायचं, म्हणजे हेड जागेवर जाऊन टोपी घालतं. स्टुडिओतल्या मुलाला ही एक गोष्ट दहा वेळा सांगा.

७. कागद आणि रंग

सुरुवातीला तीनच कागद ठेवा: २५० ग्रॅमच्या (चौरस मीटरला) आसपासचा लस्टर, म्हणजे मंद चमकीचा, एक मॅट कॅनव्हास, आणि खास कामासाठी सुती कागद. सुती कागदात जर्मनीच्या हानेम्यूलेचा ३०८ ग्रॅमचा फोटो रॅग लोक नावानिशी मागतात. ती गिरणी १५८४ पासून कागद बनवते. कॅनव्हास मशीनच्या कटरने कापू नका, कात्री वापरा. धागे आणि धूळ आत गेली की क्लिनिंग वाढतं.

प्रत्येक कागदासाठी आयसीसी प्रोफाइल लागतं, म्हणजे त्या मशीनवर त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल. ते कागदाच्या कंपनीकडून मोफत मिळतं, फक्त तुमच्या मशीनच्या नेमक्या मॉडेलसाठी आहे का ते खरेदीआधी तपासा. एचपीच्या झेड९ प्लसमध्ये रंग मोजायचं यंत्र आतच आहे, प्रोफाइल तिथेच तयार करता येतं. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (रंग आणि उजळपणा मोजून जुळवलेला) नसेल तर यातल्या कशालाच अर्थ नाही. प्रिंट अंधारे येतात अशी तक्रार असते, तेव्हा बहुधा मॉनिटर जास्त उजळ ठेवलेला असतो. आणि रंगाची जबाबदारी एकाकडेच द्या: फोटोशॉपने प्रोफाइल लावलं असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद. दोघांनीही रंग बदलला की हळदीचा पिवळा नारिंगी होतो.

८. डेमोला स्वतःच्या फाइल घेऊन जा

डीलरकडचे नमुने नेहमीच सुंदर असतात, कारण ते त्यासाठीच निवडलेले असतात. तुम्ही पाच फाइल न्या: जांभळी किंवा मोरपंखी पैठणी, हळदीचा प्रसंग, सावळ्या चेहऱ्याचं जवळून घेतलेलं पोर्ट्रेट, काळ्या कोटावर काळं टेक्स्चर दिसणारा फोटो, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करड्या छटांची पट्टी. शक्य असेल तर कागदही तुमचाच. प्रिंट तिथल्या दिव्याखाली पाहा, मग रस्त्यावर उन्हात, मग घरी ट्यूबलाइटखाली. करडी पट्टी तिन्ही ठिकाणी करडीच दिसायला हवी. ग्लॉसी प्रिंट तिरका धरून पाहा: काळ्या भागावर तांब्यासारखी झाक चढते का, चमक कुठे जास्त कुठे कमी दिसते का. निघण्याआधी तुमच्यासमोर नोझल चेक काढायला सांगा आणि एक २४×३६ काढून आधी-नंतरची शाईची नोंद मागा.

वेगाकडे फारसं पाहू नका. मोठा प्रिंट काही मिनिटांत निघतो, एवढं स्टुडिओला पुरेसं आहे.

९. कोटेशनवर लिहून घ्यायच्या गोष्टी

किंमत जीएसटी धरून की सोडून. स्टँड, रोलचा दांडा आणि बसवून देण्याचा खर्च आत आहे का. वॉरंटी किती, आणि हेड त्यात येतं का; हे तोंडी नको. इंजिनिअर कुठल्या गावाहून येतो आणि किती दिवसांत. मुंबईहून यायचा असेल तर हंगामात आठवडा जाऊ शकतो, आणि मग थोडा कमी दर्जाचा पण कोल्हापुरात सर्व्हिस असलेला ब्रँड मी निवडेन. मेंटेनन्स टँक आणि सगळे रंग डीलरकडे साठ्यात आहेत का, हेही विचारा. एक रंग संपला तरी मशीन थांबतं.

परदेशातून परस्पर आणलेलं मशीन स्वस्त मिळालं तरी नको. वॉरंटी इथे चालत नाही आणि इथल्या कार्ट्रिजची चिप ते ओळखेलच असं नाही. जुनं मशीन घेणार असाल तर ते रोज चालणारं घ्या. वर्षभर पडून असलेलं ‘कमी वापरलेलं’ मशीन टाळा. त्याची शाई अजून बाजारात येते का, हे भाव करण्याआधी पाहा.

१०. पहिला महिना

मशीन बसलं की शेजारी एक वही टांगा. प्रत्येक प्रिंटची तारीख, आकार, कागद आणि वाया गेला असेल तर कारण. दर सोमवारी सकाळी नोझल चेक, आणि काम नसलं तरी सगळे रंग वापरले जातील असा एक छोटा प्रिंट. माझ्याकडे त्यासाठी गणपतीच्या मिरवणुकीतल्या गुलालाच्या फोटोची ए४ फाइल ठरलेली आहे. महिना संपला की मशीनच्या मेनूतून शाईचा वापर काढा, वहीतल्या चौरस फुटांनी भागा, आणि दुसऱ्या पायरीत धरलेल्या दीड मिलीच्या जागी तो आकडा लिहा. पुढच्या हंगामाचं दरपत्रक त्यावरून छापा.